गळा माझा, तोंड त्याचं

शेंगशियान, ३ एप्रिल १९८३

सूयुन,

खुशाली विचारत नाही. तू खुशाल आहेस हे स्टुडिओच्या पत्रावरूनच कळलं.

पत्र काल आलं. टाइप केलेलं, खाली लाल शिक्का. आपल्या बायकांच्या नाटकमंडळाच्या प्रमुख मा बाईंना वाटलं आनंदाची बातमी असणार, म्हणून त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. 'रेशीमघाट' या नाटकावरच्या चित्रपटात आछिंगची भूमिका कॉम्रेड छ्यू सूयुन करतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढचं वाक्य आलं की शेनची भूमिका शांघायचे चित्रपट अभिनेते सोंग यी करतील आणि शेनच्या गाण्यांसाठी कॉम्रेड झू यिनदी यांचा आवाज वापरण्यात येईल. मा बाईंचा आवाज तिथेच बसला. पोरी चहाच्या कपात बघत बसल्या. माझे हात अजून टाळीसाठी वर होते, ते कुठे ठेवायचे तेच मला कळेना.

वापरण्यात येईल! मी काय बादली आहे, शेजाऱ्याकडून मागून न्यायला?

आणि तू? सोमवारी सकाळी बॅग घेऊन माझ्या दारात उभी होतीस. माझ्या स्वयंपाकघरात बसून पेज प्यायलीस, वर आंबवलेलं टोफू मागून घेतलंस. "ताई, महिन्याभरात तूही येशील, तोवर मी तिकडची चांगली खोली बघून ठेवते," असं म्हणालीस. तेव्हा तुला माहीत होतं का? एवढंच सांग. माहीत नव्हतं म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन. मूर्ख आहे मी, ठेवीन.

लहानपणी गुरुबाईंनी आपल्याला ओळीत उभं केलं होतं. माझे खांदे चाचपून म्हणाल्या, हा पुरुष. तुझं मनगट वर धरून म्हणाल्या, ही मुलगी. झालं. तेव्हापासून मी शेन आहे. माझी आईसुद्धा पुढे पुढे मला पानात मोठा तुकडा वाढायला लागली, जसा मुलाला वाढतात तसा. नाटकं बंद पडली ती दहा वर्षं आपण चहाच्या कारखान्यात पानं निवडत होतो. निवडायच्या सुपांवर वाकून, तोंड मिटून, नुसते गुडघे हलवत तालीम करायचो. वरून देखरेखीवाला बघायचा तर त्याला दोन गरीब बाया काम करताना दिसायच्या. खाली गुडघ्यांत आपली नाटकातली नाव चाललेली असायची. तो सोंग यी तेव्हा कुठे होता? शाळेत, आणखी कुठे!

पुरुष हवा म्हणे. अगं, आपल्या खेळाला बायका कशासाठी येतात? घरात असला पुरुष त्यांनी कधी पाहिलेला नसतो म्हणून येतात! शेन बायकोसाठी रडतो, शेन वाट बघतो, शेन आछिंगच्या पायातला काटा काढतो. खरा पुरुष आणून दाखवलात तर त्या म्हणतील, एक घरात आहे तेवढा पुरे.

खरं सांग, चित्रपटाच्या त्या चाचणीमुळे का? फेब्रुवारीत कालव्यावर मी नाव उलटवली म्हणून मला काढलं का? पण मी एकटीनं उलटवली का ती? आपली नाव आपल्या गुडघ्यांत असते. मी वल्हं मारत खाली जाते, तू पुढच्या टोकाला वर येतेस. तू खाली, मी वर. फळ्यांच्या रंगमंचावर तसं करावंच लागतं, नाहीतर पाणी दिसणार कसं? त्या दिग्दर्शक न्येनं आपल्याला खऱ्या नावेत उभं केलं आणि म्हणाला, करा. आपण केलं. तो म्हातारा नावाडी काठावरून ओरडत होता, "अहो बाई, नाव आपली आपण हलते! तुम्ही कशाला हलताय!" आणि आपण दोघी भरजरी कपड्यांसकट पाण्यात. मला वाटलं होतं पुढे म्हाताऱ्या झालो की हे आठवून आपण हसू.

माझी चूक असेल तर तसं लिही. एका दिवसात मी खऱ्या नावेत स्थिर उभी राहायला शिकेन. पण पत्र तुझं येऊ दे, शिक्क्याचं नको.

यिनदी


शेंगशियान, २१ एप्रिल

सूयुन,

अक्रोडाच्या वड्यांचा डबा मिळाला. पत्राच्या जागी वड्या! मी काय रुसलेली भाची आहे? डबा तसाच मंडळातल्या पोरींपुढे ठेवला. त्यांनी फस्त केला आणि वर म्हणाल्या, सूयुनताई किती प्रेमळ. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता ऐक. काल तुझा न्ये इथे येऊन गेला. गळ्यात मफलर, पायात शहरी बूट, आणि आपल्या अंगणात कोंबड्यांची घाण बघून बिचारा बगळ्यासारखा पावलं टाकत होता. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. चहा दिला, तोही कालचा.

म्हणाला, "यिनदीताई, तुमच्या आवाजाशिवाय हा चित्रपट होणार नाही."

मी म्हटलं, "आणि तोंडाशिवाय होणार?"

"तसं नाही. कॅमेरा फार जवळ येतो हो. रंगमंचावर वीस हात लांबून जे दिसतं ते वेगळं. गावच्या प्रेक्षकाला सवय आहे, पण उद्या हा चित्रपट हार्बिनला जाईल, सिचुआनला जाईल. तिकडचे लोक विचारतील, हा नवरा मुलगा बाई का आहे?"

"विचारू देत की. घटकाभरात विसरतील. पहिल्या गाण्याला नाही विसरले तर मी मिशा लावून येते."

तो हसला. मग मी त्याला उठवलं आणि अंगणातच शेनचा निरोपाचा प्रवेश करून दाखवला. ना रंग, ना पोशाख. स्वयंपाकाचा एप्रन कमरेला होता. शेन राजधानीला परीक्षेला निघतो, आछिंगला सांगतो की तुतीला दुसऱ्यांदा पानं फुटायच्या आत परत येईन. शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांना एप्रनची टोकं लागली. न्येच्याही लागलं असतं, त्याला एप्रन नव्हता म्हणून मफलर लावला.

मी म्हटलं, "आता सांगा, बाई दिसली का?"

मग त्याच्या तोंडून निघालं. मला वाटतं त्याला सांगायचं नव्हतं, पण माणूस वाईट नाही, खोटं त्याला पचलं नाही. म्हणाला, "ताई, आम्हाला तुम्हीच हव्या होतात. चाचणीची फीत बघून सगळे खूश होते. नाव उलटली तेवढा भाग तर आम्ही पुन्हा पुन्हा लावून पाहिला. बदल आम्ही नाही मागितला."

"मग कुणी मागितला?"

त्यानं चहा संपवला. कालचा चहा, तळाच्या पानांसकट संपवला.

"सूयुनताईंनी," म्हणाला. "त्या म्हणाल्या, समोर पुरुष असेल तरच मी काम करीन."

सूयुन, मी त्याच्यासमोर रडले नाही. कप उचलला, विसळला, पालथा घातला. त्याला म्हटलं, बस चुकेल तुमची. तो गेल्यावर अंगणातल्या कोंबड्यांना अशा काही शिव्या घातल्या की पलीकडची म्हातारी दार लावून आत गेली.

तू मागितलंस. स्टुडिओनं नाही, हार्बिनच्या लोकांनी नाही, तू! माझ्या घरची पेज पिऊन! केसानं गळा कापलास, आणि वर तोच गळा गायला हवाय.

म्हणून आता मीही सांगते. रेकॉर्डिंग मेच्या मध्यावर आहे ना? मी येणार नाही. शेनची गाणी दुसऱ्या कुणाला येत नाहीत हे तुलाही माहीत आहे आणि न्येलाही. गुरुबाई गेल्या, त्यांच्यानंतर मीच. हवं तर त्या सोंगला गायला लावा, बघू दे हार्बिनला. तू स्वतःच्या हातानं 'का' ते लिहीपर्यंत मी इथून हलत नाही. वड्या पाठवल्यास तर परत पाठवीन.

यिनदी


शेंगशियान, ७ मे

सूयुन,

तुझं पत्र वाचलं. वाचून जाळ म्हणाली होतीस, जाळलं. त्यानं काय होतं? माझं पाठांतर कसं आहे ते तुला माहीत आहे.

तू लिहिलंस: "ताई, मी ती फीत पाहिली. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांबरोबर बसून. आपण पाण्यात पडलो, तू मला धरलंस, मी तुझ्या गळ्याला मिठी मारली आणि तुझ्याकडे बघितलं. ताई, ती आछिंग नव्हती. आछिंग कशी बघते ते मला माहीत आहे, मी रोज करते. ती मीच होते. रंगमंचावर आपण लांब असतो, रंग लावलेला असतो, लोकांना ते नाटक वाटतं, मलाही वाटत आलं. पडद्यावर माझे डोळे भिंतीएवढे होते. खोलीतले सगळे वाहवा म्हणत होते, मला मात्र खुर्चीखाली जावंसं वाटलं. हा चित्रपट गावोगाव जाईल. फू बघेल. माझी मुलगी बघेल. समोर सोंग असला तर मी हवी तशी बघू शकते, कुणी काही म्हणणार नाही. माझ्यावर राग धर, पण गा. तू गायली नाहीस तर मला आछिंग जमणार नाही."

बरं झालं लिहिलंस. मी रागावलेली होते, आता जास्त रागावले आहे.

एक तर, पाण्यात तू मला हाक मारलीस ती विसरलीस वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा 'ताई' न लावता नाव घेतलंस. "यिनदी, सोडू नकोस." त्या बुडण्यानंतर मी तापात पडून होते, तो आठवडाभर मी तेच ऐकत होते, आणि तू तिकडे खुर्चीखाली जायची जागा शोधत होतीस.

दुसरं, तू अख्खं पान लिहिलंस आणि तो एक शब्द काही लिहिला नाहीस. मी लिहिते. माझं तुझ्यावर प्रेम आहे. चहाच्या कारखान्यात होतं, त्याच्या आधी होतं, तुझ्या लग्नात मी वधूकडची म्हणून पानं वाढत होते तेव्हाही होतं. मी कधी काही मागितलं नाही. तुझा नवरा फू भला माणूस आहे, त्याच्या ताटातलं मी काही ओढलं नाही. मला रोज रात्री खेळात दोन तास मिळत होते, तेवढ्यात मी सुखी होते. शेवटच्या प्रवेशात धुक्यातून दोन नावा येतात. तुझ्या घरच्यांनी शेन मेला म्हणून खोटंच सांगितलेलं, तू वरातीच्या नावेत, सासरी निघालेली. तुला माझं गाणं ऐकू येतं आणि तू उडी मारतेस माझ्या नावेकडे. हात पोचत नाही, आपण दोघंही पाण्यात जातो, मरतो. लोक धाय मोकलून रडतात आणि मला दर वेळी वाटतं, चला, आजही हिनं उडी मारली.

आणि तू तेवढंच नेमकं काढून घेतलंस. ते त्याला दिलंस, कारण त्याला दाढी येते.

तुला भीती वाटली हे मला कळतं. मी काही दगड नाही. हे दिवस कसे आहेत, कोण कुणाबद्दल काय कळवतं, मलाही दिसतं. पण तू मला विचारायला हवं होतंस. 'ताई, मला भीती वाटते' एवढं माझ्या स्वयंपाकघरात म्हणाली असतीस तर मी स्वतः न्येला कळवलं असतं की माझे गुडघे दुखतात, दुसरा माणूस बघा. हसत कळवलं असतं.

मी येते आहे रेकॉर्डिंगला. तुझ्यासाठी येत नाही. शेनची गाणी चुकीची गायली गेली तर गुरुबाई वरून चप्पल फेकतील म्हणून येते आहे. स्टेशनवर येऊ नकोस.

यिनदी


शांघाय, स्टुडिओचं अतिथिगृह, ३० जून

सूयुन,

तू वरच्या मजल्यावर आहेस. जिना चढून येता आलं असतं, पण समोर आलीस की मी अर्धंच बोलते, म्हणून लिहिते. उद्या पहाटेच्या गाडीनं निघताना दाराखालून सरकवीन.

लांबत लांबत एकदाची गाणी झाली. काचेच्या त्या खोलीत, एकाच माइकसमोर, तू आणि मी. आवाजवाला म्हणाला, दोघींनी एकमेकींकडे बघू नका, माइककडे बघा. बरंच झालं. तो सोंग काचेपलीकडे बसून माझे ओठ पाठ करत होता. मधल्या सुट्टीत आला आणि म्हणाला, "ताई, 'तुतीची पानं' म्हणताना तुम्ही श्वास आधी घेता की मध्ये चोरता?"

मी म्हटलं, "चोरायची सवय तुम्हाला. तुम्हीच शोधा."

त्याचा चेहरा पडला, पण गेला नाही. म्हणाला, "माझी आजी तुमच्या शेनची वेडी होती. ती जिवंत असती तर तिनं मला घरात घेतलं नसतं." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तो उर्मट असता तर मला किती सोपं गेलं असतं! मी त्याला श्वास दाखवला, मान कुठे वळवायची ते दाखवलं, आछिंगचं नाव घेताना डोळे आधी आणि ओठ नंतर, तेही दाखवलं. दाखवताना मला त्याचा गळा आवळावासा वाटत होता.

मग परवाची गोष्ट. सामान बांधून मी निघालेच होते तर न्ये आला, टोपी हातात घेऊन. बाहेर कालव्यावर चित्रीकरणाचा तिसरा दिवस होता, नावांचा प्रवेश काही होत नव्हता म्हणे.

"सूयुनताईंना रडू येत नाही. डोळे रिकामे दिसतात. ताई, तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहाल का? नुसत्या उभ्या. त्या सोंगच्या खांद्यावरून तुमच्याकडे बघतील, पडद्यावर वाटेल त्याच्याकडेच बघतायत."

मी विचारलं, "ही अक्कल कुणाची?"

"त्यांचीच."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! आधी चेहरा काढून घेतलास, मग गळा मागितलास, आणि आता मला बुजगावण्यासारखं पाण्यात उभं करणार! त्याला म्हटलं, नाही. तो टोपी फिरवत उभाच राहिला. मी बॅग उचलली, जिना उतरले, फाटकापर्यंत गेले. मग वळले. का वळले हे विचारू नकोस, तुला चांगलं माहीत आहे.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी लव्हाळ्यात उभी होते. धूर सोडून केलेलं धुकं डोळ्यांत जात होतं, पायाला चिखल. सोंग समोरच्या नावेत, माझा पोशाख अंगात, माझ्या मापाचा उसवून मोठा केलेला. माझा आवाज भोंग्यातून सुटला. तू वरातीच्या नावेत लाल कपड्यांत उभी राहिलीस आणि त्याच्या कानावरून माझ्याकडे बघितलंस.

सूयुन, तू जसं बघितलंस तसं रंगमंचावर इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतंस. नावाड्यांनी वल्ही थांबवली. मग तू उडी मारलीस. ती माझ्या दिशेनं मारलीस, सोंगच्या नावेच्या बाजूनं नाहीच. न्ये नंतर म्हणाला, चालेल, कोन बदलून लावू. मी पाण्यात एक पाऊल पुढे टाकलं होतं. कॅमेऱ्याच्या माणसानं माझा सदरा मागून धरला नसता तर मी चित्रात आले असते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोंग ओला होऊन काठावर आला आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "ताई, त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझं काम फक्त आड न येण्याचं होतं." आणि तू टॉवेल गुंडाळून आलीस, दात वाजत होते, सगळ्यांच्या देखत विचारलंस, "ताई, चांगलं झालं ना?" मी म्हटलं, "उत्तम झालं." आणि निघून आले.

जे म्हणायचं होतं ते आता म्हणते. मी तुला हवी आहे, फक्त दिसायला नको. काचेमागे हवी, भोंग्यात हवी, लव्हाळ्यात हवी. चौकटीच्या आत नको. दोन तास नाटकात मी माझ्या तोंडानं तुझ्यापुढे उभी असायचे, त्यात मला कधी लाज वाटली नाही. परवा त्या चिखलात मला पहिल्यांदा वाटली, आणि त्यासाठी मी तुला माफ करणार नाही.

मी मंडळात परत जाते आहे. खेळ लागला की शेन मीच करणार. आछिंगसाठी कुणी तरी शिकेल.

यिनदी


शेंगशियान, १९ फेब्रुवारी १९८४

सूयुन,

इतके महिने मी लिहिलं नाही, तूही नाही. आता लिहावंच लागतंय. ही चिठ्ठी शांघायच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, म्हणजे तू निघायच्या आत तुला मिळेल.

दिव्यांच्या सणाला आपल्या सभागृहात 'रेशीमघाट' लागला. मी जाणार नव्हते. मा बाई दारात येऊन बसल्या, म्हणाल्या, तू नाही आलीस तर लोक काय म्हणतील? गेले. सभागृह चिक्कार. बाकांच्या मधल्या जागेत माणसं, खिडक्यांत माणसं, कलिंगडाच्या बियांच्या फोलांचा खच. तुझा फू दोन ओळी पुढे बसला होता, एकटाच, नवी टोपी गुडघ्यावर ठेवून. मला बघून मान लववली. मी म्हटलं, "भावजी, रुमाल आणलाय ना?" तो हसला.

चित्रपट चांगला झालाय. खोटं कशाला सांगू? माझा गळा सोंगच्या तोंडात बसलाय. पोरगं श्वास बरोबर घेतं. मी मुठी आवळून बसले होते आणि माझ्या आजूबाजूच्या बाया माझ्याच आवाजावर रडत होत्या.

मग नावा आल्या. गाणं संपलं, नुसता पाण्याचा आवाज राहिला आणि तुझे डोळे आले, ते भिंतीएवढे. बिया फोडणंसुद्धा थांबलं. माझ्या शेजारी टोफूवाली बाओ मावशी होती. नाक ओढत म्हणाली, "अगं बाई गं, काय जीव आहे हिचा त्याच्यावर! डोळे बघ, डोळे!"

मी म्हटलं, "त्याच्यावर नाही."

"मग कुणावर?"

"माझ्यावर," मी म्हटलं.

हळू नाही म्हटलं. तुला माहीत आहे माझा आवाज कसा आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचायला तो घडवलाय. सगळ्यांच्या माना वळल्या. एक क्षण मला वाटलं, आता संपलं. आणि मग बाओ मावशी खो खो हसायला लागली. "खरंय गं बाई! आमचा शेन तूच! हा कोण कुठला सोंग!" मग सगळेच हसले, कुणी तरी टाळ्या वाजवल्या, मागून एक बाई ओरडली, "यिनदी, उभी राहा, तोंड दाखव!" एवढं खरं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते आणि त्यांनी ते थट्टेवारी नेलं. मला रडावं की ओरडावं कळेना. मी हसले नाही, एवढं मात्र सांगते.

फूही हसला नाही. मागेही वळला नाही. पडद्यावर तू बुडत होतीस, त्यानं गुडघ्यावरची टोपी उचलली आणि डोक्यावर घातली. मागच्या माणसानं म्हटलं, अहो, टोपी काढा, दिसत नाही. त्यानं काढली नाही. शेवटपर्यंत तसाच बसला.

बाहेर आल्यावर दारात कंदिलांची गर्दी होती. तो माझ्यासाठी थांबला होता. मला वाटलं, मारतो की काय. मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, जसं कुणी ओळखीच्या घराचं दार पहिल्यांदा उघडं बघावं तसं. मग म्हणाला, "सूयुन शनिवारच्या दुपारच्या बसनं येतेय. ताई, बसस्टँडवर तुम्ही जा."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी घरी भात टाकीन," म्हणाला. "कितीजणांचा, ते तिलाच सांगू दे."

आणि गेला. ओरडला नाही, पाय आपटला नाही.

मी माफी मागत नाही, सूयुन. तू मला लव्हाळ्यात उभं केलंस, मी तिथून बाहेर आले, एवढंच झालं. तुझ्यावरचा राग तसाच आहे. तरी शनिवारी मी जाणार आहे. फाटकापाशी उभी राहीन, भर दुपारी, सगळ्या गावाला दिसेल अशी. मला बघून खिडकीतून तोंड आत घेऊ नकोस. उतरायचं असेल तर उतर. नसेल तर तीच बस अर्ध्या तासानं परत जाते.

यिनदी